धरण मायनसमध्ये गेल्यावरही शोभलं पाहिजे: उजनीच्या फुगवट्यातल्या छोट्या अतिथीगृहाचं प्रकरण

करमाळा तालुक्यात, उजनी धरणाच्या फुगवट्यात, एक टेकाड आहे. धरण भरलं की ते बेट होतं आणि धरण मायनसमध्ये गेलं, म्हणजे वापरायचा साठा संपला, की पुन्हा टेकाड. तिथलं अतिथीगृह रेखण्याच्या आमच्या कामाची सगळी अडचण आणि बरीचशी सोयही यातच होती, म्हणून हे आधीच सांगून टाकते.

जागेचे मालक दोघे भाऊ, ऊस आणि केळी पिकवणारे. भीमेवरचं हे धरण १९८० मध्ये पूर्ण झालं, तेव्हा त्यांच्या वडिलांची नदीकाठची काळी रानं पाण्यात गेली. टेकाडाचा माथा तेवढा संपादनातून सुटला. सातबाऱ्यावर तीन एकरांच्या आसपास, त्यातही पोटखराब, म्हणजे पिकाखाली न येणारी जमीन, जास्त. कुसळी गवत, तरवड, वेड्या बाभळी, एक जुनं लिंबाचं झाड आणि उघडा काळा फत्तर. हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला भिगवणकडे वळणाऱ्या गाड्या पाहून धाकट्यांच्या मनात आलं की आपल्या बेटावरही चार खोल्या काढाव्यात. थोरल्यांचं म्हणणं, तेवढ्या पैशात सगळ्या केळीचं ठिबक बदलून होईल.

धाकट्यांनी पहिल्याच भेटीत मोबाईल पुढे केला. ग्रीसमधल्या सँटोरिनीचे फोटो. "मॅडम, असं करायचं. पांढरंशुभ्र, निळी दारं, अन् पुढं पूर्ण काच. सूर्यास्त दिसला पाहिजे."

आमच्या ऑफिसातल्या पोरांना यात थट्टेचा विषय दिसला, मला मात्र दिसला नाही. सँटोरिनी ज्वालामुखीतून घडलेलं बेट, आपलं दख्खनही लाव्ह्याचंच. तिथली जुनी घरं उतारात शिरलेली असतात, भिंती जाड, खिडक्या लहान, आणि चुन्याचा पांढरा हात ऊन परतवायला. निळा रंग सोडला तर यातल्या बऱ्याच गोष्टी सोलापूर जिल्ह्यातल्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरांत आहेत. त्या फोटोत काचेची भिंत कुठेच नव्हती, ती धाकट्यांनी स्वतःच्या मनाने जोडली होती. म्हणजे गिऱ्हाईक आवडीला चुकलेलं नव्हतं, त्याला फोटोतलं नेमकं काय आवडलंय एवढंच शोधून द्यायचं होतं.

काठ कुठे धरायचा

बेटावर बांधायचं तर पहिला प्रश्न काठाचा. समुद्रात भरती-ओहोटीचं वेळापत्रक तरी असतं. उजनीचा काठ पाऊस, कालव्याची आवर्तनं आणि सोलापूरसाठी भीमेत सोडलेलं पाणी यांवर हलतो. पूर्ण संचय पातळी ४९६.८३ मीटर. उपयुक्त साठा संपून शून्य टक्के होतात ती पातळी ४९१.०३ मीटर. फरक ५.८ मीटरचा, जेमतेम दोन मजले. पण टेकाडाचा पूर्वेकडचा उतार अगदी सपाट आहे, चाळीस मीटर गेलं की एक मीटर उतरतो. त्या उतारावर ५.८ मीटर पाणी ओसरलं की काठ सुमारे २३० मीटर लांब जातो. आणि उजनी शून्यावर थांबत नाही. सुमारे ११७ टीएमसीच्या (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) एकूण साठ्यात निम्म्याहून जास्त, ६३ टीएमसीच्या वर, मृतसाठा, म्हणजे शून्य टक्क्यांच्या खालचं पाणी, आहे आणि टंचाईत त्यातूनही उचललं जातं. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे साठ टक्क्यांच्या घरात गेलं होतं, म्हणजे उपयुक्त साठ्याच्या साठ टक्क्यांएवढं पाणी मृतसाठ्यातून कमी झालं होतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते भरलं.

आम्ही जागा पहिल्यांदा नीट पाहिली ती पाणी उतरतीला लागलेलं असताना. पाणी आणि गवत यांच्या मध्ये गाळाचा रुंद पट्टा होता. वरून वाळून भेगाळलेला, भेगेत हाताचा पंजा सहज जाईल एवढा, पण खाली अजून मऊ. चालताना शिंपल्या कुडकुड फुटत होत्या. मध्येच एका घराचं दगडी जोतं उघडं पडलं होतं, त्याला अडकलेलं जुनं नायलॉनचं जाळं, आणि त्या जोत्यावर एक बगळा. फेब्रुवारीपर्यंत पाणी वळचणीला आल्यासारखं वाटतं, मेमध्ये खोलीतल्या माणसासमोर हे दृश्य असणार. पाण्याकडे तोंड करून पूर्ण काच लावायची म्हणजे वर्षातले काही महिने पाहुण्याला चिखलाचं दर्शन घडवायचं.

धाकट्यांना हा हिशेब पटायला वेळ लागला. त्यांच्या आईंना लागला नाही. त्या म्हणाल्या, "पाण्याचं काय घेऊन बसलाय, येतंय अन् जातंय. माळ आपला हाय." पुढे प्रत्येक वादात आम्ही याच वाक्याशी आलो. घर माळाच्या बेताने रचायचं, पाणी जेवढं दिसेल तेवढं दिसू द्यायचं.

माथा सोडला

जागा निवडताना सगळ्यांचा ओढा माथ्याकडे असतो. चारी बाजूंनी पाणी दिसतं, वारा लागतो, फोटो चांगले येतात. पण होडीतून येणाऱ्याला बेटाची ओळख पटते ती त्याच्या माथ्याच्या रेषेवरून. तिच्यावर खोकं बसवलं की पुढे कितीही दगड लावा, ते घर टेकाडाच्या डोक्यावरच दिसत राहतं.

आम्ही एक सोपा प्रकार केला. नियोजित घराचे चार कोपरे धरून बांबू रोवले, छताच्या उंचीला जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधल्या आणि होडीतून बेटाला वळसा घातला. माथ्यावरच्या चिंध्या तिन्ही बाजूंनी आभाळावर फडफडताना दिसल्या. मग बांबू उतारावरून खाली-खाली सरकवत नेले. ईशान्येच्या अंगाला एका टप्प्यावर चिंध्या टेकाडाच्या पाठीशी मिळून गेल्या. होडी वल्हवणारा पोरगा म्हणाला, "आता कुठंय घर?" तोच टप्पा ठरला.

तो टप्पा योगायोगाने झालेला नाही. दख्खनचा कातळ लाव्ह्याच्या एकावर एक थरांचा. कठीण फत्तर टिकतो, त्याच्यातला मऊ, भोकाळ मांजऱ्या दगड झिजतो आणि डोंगराला पायऱ्या पडतात. आम्हाला मिळाली ती अशीच एक पायरी. मागे दीड पुरुष उंचीची कातळाची भिंत, समोर सपाटी. पश्चिमेचं दुपारचं ऊन माथा अडवतो, जून-जुलैचा पश्चिमेचा वारा डोक्यावरून जातो. पाया खणायचा प्रश्नच आला नाही, हातभर मुरूम सरकवला की फत्तर लागतो. काळ्या मातीत बांधणाऱ्या आमच्यासारख्यांना याचं मोल विचारा. ती माती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि भिंती चिरत राहते.

जोत्याची पातळी ठरवताना पूर्ण संचय पातळी पुरेशी नव्हती. उजनी शंभर टक्क्यांच्या वर, एकशे दहाच्या आसपासही भरतं, त्यावर वाऱ्याच्या लाटा. पूररेषा आणि संपादनाची हद्द दोन्ही सोडून, वर, अशी रेघ आम्ही मोजणीदाराकडून दगडांवर मारून घेतली. तिच्याखाली पायऱ्यासुद्धा नाहीत. ती जमीन जलसंपदा विभागाची, तिथे तरंगता, उचलता येणारा धक्का सोडून आपलं काहीच नको.

खांब की भिंत

आमच्याकडची एक तरुण आर्किटेक्ट कॅनडातल्या फोगो बेटावरच्या इनचे फोटो घेऊन आली. २०१३ मध्ये सुरू झालेली, टॉड सॉन्डर्स यांनी रेखलेली ती २९ खोल्यांची वास्तू खडकाळ किनाऱ्यावर खांबांवर उभी आहे, तिथल्या कोळ्यांच्या लाकडी माचांसारखी. खडकाला फारसं न छेडता उभं राहण्याची ती रीत खरोखर देखणी आहे. पोरीचं म्हणणं होतं की आपणही घर खांबांवर उचलू, टेकाड जसंच्या तसं राहील.

पण फोगोला थंडी अडवायची असते आणि तिथल्या लोकांच्या हातात लाकूडकाम आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४२-४३ ला टेकतो, हिवाळ्यात रात्र गार आणि दुपार तिशीची. हलकं, वर उचललेलं घर खालूनही तापतं. लाकडाला वाळवी. माळवदाची रीत नेमकी उलटी: जमिनीला चिकटून बसायचं, भिंत दीड-दोन फुटी, वर मातीचा थर, उजेडाला छतात एक साणं, म्हणजे झरोका. दिवसाची उष्णता भिंत पिते आणि रात्री हळूहळू सोडते. फोगोकडून घ्यायचं असेल तर खांब घ्यायचे नाहीत, तिथल्या माणसांनी आपल्या कोळ्यांच्या रचनेकडे पाहिलं तसं आपण आपल्या गवंड्यांकडे पाहायचं, एवढ्यावर आमचं जमलं. ती थोडी हिरमुसली, पण पुढे दगडी भिंतीचे सगळे तपशील तिनेच काढले.

घर सहा खणांचं झालं. चार खणांत चार खोल्या, एकात स्वयंपाकघर, एकात राखणदाराची खोली आणि कोठार. पुढे सलग ओसरी. सगळं मिळून १४० चौरस मीटरच्या आसपास. एका रेषेत नाही; कातळाची पायरी जिथे वळते तिथे घरही वळतं, त्यामुळे दोन खोल्यांची दारं थोडी तिरकी झाली आहेत आणि सुतार अजून त्याबद्दल बोलतो.

भिंतींना दगड बेटावरचाच, सपाटी करताना निघालेला आणि माळावर विखुरलेला. तो पुरला नाही तेव्हा कंत्राटदाराने गाळात उघड्या पडलेल्या जुन्या गावाच्या जोत्यांकडे बोट दाखवलं. घडीव, चौकोनी, आयता दगड. हद्दीचा प्रश्न होताच, पण त्याआधीच आईंनी हात आडवा केला. "ती माणसांची घरं हायती. पाण्यातनं वर आली म्हणून भंगार झाली का?" उरलेला दगड जेऊरकडच्या खाणीतून आला.

दर्शनी भिंतीला घडाई केली नाही. वडार गवंड्याला हे सांगणं अवघड गेलं. चांगल्या कारागिराला दगड तासून, सांधे दोरीत आणून दाखवायचे असतात. आम्हाला शेताच्या तालीसारखी, म्हणजे दगड रचून केलेल्या बांधासारखी, भिंत हवी होती, ऊन-पावसाने काळवंडलेली बाजू बाहेर आणि ताजी फोडलेली आत. शेवटी त्यालाच बेटावरची पडकी ताल दाखवली. "ही कुणी रचली ठाऊक नाही, पण अशीच पाहिजे." तो तालीभोवती फिरला, एक दगड काढून पुन्हा बसवला आणि म्हणाला, "मग आधीच सांगायचं, मापं कशाला काढली?" दगडावर वाढलेलं राखी दगडफूल जपून ठेवायला तोच त्याच्या माणसांवर ओरडत होता.

छत आणि ट्रॅक्टर

छताचा निर्णय वजनावर झाला. पाच इंची काँक्रीटचा स्लॅब टाकायचा तर एकट्या छताला ४२ टनांच्या आसपास माल. सिमेंट, वाळू, खडी, सगळं पलीकडून आणायचं, वर मिसळायला आणि भिजवायला पाणी. त्याऐवजी 'आय' आकाराच्या लोखंडी तुळयांवर शहाबादी फरशी टाकली. फरशीचं वजन साधारण पंधरा टन, लोखंड दोन टनांच्या आत. कलबुर्गीकडची ही फरशी सोलापुरात घरोघरी आहे, गवंड्यांना नवी नाही. तिच्यावर चुन्याचा कोबा, म्हणजे ठोकून घट्ट केलेला थर, पाणी अडवणारा थर आणि मग पांढरी माती. ती शोधावी लागली नाही. गावोगाव जुनी माळवदं पाडून स्लॅब टाकणं चालूच आहे, पांढरी माती उकिरड्यावर जाते. तीच मागून आणली. पाडलेल्या घरांच्या सागवानी तुळयाही मिळाल्या, त्या ओसरीला लागल्या.

मात्र मातीच्या छतावरून पावसाचं पाणी साठवलं तर गढूळ येतं. म्हणून स्वयंपाकघर आणि ओसरीचा भाग, सुमारे ५० चौरस मीटर, नुसता कोब्याचा ठेवला आणि पन्हाळी टाकीकडे वळवल्या. वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला तरी २०,००० लिटर मिळतं. दहा माणसांना रोज दहा लिटर पिण्या-रांधायला लागलं तर चार महिन्यांचा हंगाम १२,००० मध्ये निघतो. अंघोळीला धरणाचं पाणी गाळून. उन्हाळ्यात त्यावर हिरवा तवंग येतो, पण तेव्हा घर बंद असतं.

मालवाहतुकीला होडी असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. पण धरण इतकं खाली जाणार असेल तर एप्रिल-मेमध्ये ट्रॅक्टर बेटापर्यंत जातो, हे गाळपेर, म्हणजे पाणी ओसरलेल्या गाळात पेरणी, करणाऱ्या शेतकऱ्याने सांगितलं. २०२४ च्या दुष्काळी उन्हाळ्यात, ज्या पाण्याच्या काळजीने जिल्हा हवालदिल झाला होता त्याच पाण्याच्या ओसरण्यावर आमचा दगड आणि लोखंड पोचलं. असं लिहिताना बरं वाटत नाही, पण झालं तसं. गाळाची खपली धरते कुठे आणि ट्रॉली रुतते कुठे, ते त्या शेतकऱ्याने काठ्या रोवून दाखवलं. उरलेली फरशी पुढच्या उन्हाळ्यात न्यायची ठरली होती. पण २०२५ च्या मेमध्ये अवकाळी असा कोसळला की पाणी त्याच महिन्यात चढायला लागलं. मग फरशी होडीने, थोडी-थोडी. खर्च वाढला आणि थोरल्यांनी ठिबकाची आठवण काढली.

संडास, दिवे, वादळ

सगळ्यात जास्त बैठका संडासावर झाल्या. उजनीचं पाणी सोलापूर शहर पितं. पुण्याकडून येणारी घाण त्यात आधीच आहे म्हणून आपण चार खोल्यांची भर घातली तर काय होतं, असं एकाने म्हटलं. मला हा युक्तिवाद अजिबात मान्य नव्हता. शोषखड्डा भेगाळ कातळात घेतला तर मैलापाणी कुठल्या भेगेतून कुठे निघेल याचा नेम नाही. म्हणून खाली बंद, पाणी न झिरपणाऱ्या टाक्यांचे कोरडे संडास, वर राख आणि पाचटाचा भुगा टाकायचा. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात पाचट विकत घ्यावं लागत नाही. मोरीचं पाणी कर्दळीच्या वाफ्यात. हे पाहुण्यांना समजावून सांगावं लागतं आणि काहींना ते शेवटपर्यंत आवडत नाही.

काचेचा वाद पक्ष्यांनी मिटवला. मोठ्या काचेत आभाळ दिसतं आणि पक्षी त्यावर आदळतात, हे धाकट्यांनी गावातल्या एका बंगल्यावर पाहिलेलंच होतं. प्रत्येक खोलीला आता एकच रुंद, पण बुटकी खिडकी आहे. खाटेवर बसलं की तिच्यातून आधी गवत, मग पाणी किंवा गाळ जे असेल ते, आणि मग पलीकडचा काठ दिसतो. सूर्यास्तासाठी माथ्यावर जायचं. तिथे दगडांचा एक पार, बाकी काही नाही. दिवे फक्त गुडघ्याच्या उंचीचे, पिवळे, खाली वळवलेले.

वादळाचा विचार आराखड्यात उशिरा आला, पण आला तो कायमचा. मे २०२४ मध्ये कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जण गेले. आमच्या बेटापासून ते पाणी लांब नाही. त्यानंतर कोठाराचं माप वाढवलं. हवा बिघडली तर होडी सोडायची नाही, पाहुण्याला आणखी दोन रात्री ठेवता आलं पाहिजे: ज्वारीचं पीठ, डाळ, शेंगाचटणी, कडक भाकरी, गॅस, औषधं, चार्ज झालेली बॅटरी. थोरल्यांना संपूर्ण आराखड्यात हीच एक खोली मनापासून पटली.

आता

पहिला हंगाम हिवाळ्यात झाला. हुरड्याचे दिवस आणि पक्ष्यांचे दिवस एकच असल्याने खोल्या रिकाम्या राहिल्या नाहीत. जेवणात चिलापीचं कालवण, खाटांवर सोलापुरी चादरी. एका खोलीत तिरक्या दाराखालून गार वारा येतो, त्याला पट्टी लावायची आहे. छताच्या मातीवर पहिल्या पावसात कुसळी उगवली. आम्ही पेरली नव्हती. तिची मुळं कोब्यापर्यंत जाऊ नयेत म्हणून ती दर दिवाळीला उपटावी लागणार. राखणदाराला ते काम नको आहे, तो म्हणतो शेळ्या सोडू. शेळ्या छतावर चढवण्याला माझा विरोध आहे, कारण कठडा मुद्दाम वीतभरच ठेवलाय.

धाकट्यांना आता माथ्यावर दोन खोल्या वाढवायच्या आहेत, लहानशा, 'दिसणार नाहीत अशा'. मी त्यांना सांगितलंय की बांबू आणि लुगड्याच्या चिंध्या कोठारात ठेवल्या आहेत, येत्या उन्हाळ्यात पाणी खाली असताना त्यांनीच त्या माथ्यावर बांधाव्यात आणि पलीकडच्या काठावरून थोरल्यांना सोबत घेऊन पाहावं. पैसे थोरल्यांचेही आहेत.